विश्लेषण : छोटी विमाने उड्डाणाच्या पहिल्या मिनिटातच का कोसळतात?

जून २०२५ मधील अहमदाबाद दुर्घटनेनंतर विमान धावपट्टी सोडते त्या काही सेकंदांची चर्चा घरोघरी झाली. पण मोठ्या प्रवासी विमानांच्या बाबतीत असे अपघात दुर्मीळ असतात. पाच-दहा जणांना नेणारी छोटी विमाने मात्र उड्डाण करतानाच कोसळल्याच्या बातम्या वारंवार येतात. इंजिन बंद पडले असावे, हा पहिल्या दिवशीचा अंदाज बहुधा ठरलेला असतो. चौकशी अहवाल मात्र अनेकदा वेगळेच सांगतो. मेलबर्न आणि दिल्ली येथे एकाच जातीच्या दोन विमानांना झालेले अपघात या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत.

मेलबर्नमध्ये नेमके काय घडले होते?

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी, सकाळी नऊला दोन मिनिटे कमी असताना, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या एसेंडन विमानतळावरून बीचक्राफ्ट बी-२०० ‘किंग एअर’ हे विमान टास्मानियातील किंग बेटाकडे निघाले. दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे हे विमान जगभर भाड्याच्या फेऱ्या, हवाई रुग्णवाहिका, सरकारी पाहुण्यांची ने-आण यासाठी वापरले जाते. त्या दिवशी विमानात वैमानिक आणि गोल्फ खेळायला निघालेले चार अमेरिकी पर्यटक होते. वैमानिक नवखा नव्हता. त्याच्या गाठीशी सात हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता आणि हे विमानही त्याच्या चांगल्या परिचयाचे होते.

विमान धावपट्टीवर नेहमीपेक्षा जास्त धावले, हे किंग एअर ओळखणाऱ्या प्रत्यक्षदर्शींच्या लक्षात आले. चाके जमिनीवरून सुटताच विमानाचे नाक डावीकडे ओढले जाऊ लागले. विमान चढत होते, पण तिरके, जवळजवळ कुशीवर सरकत असल्यासारखे. सुमारे १६० फुटांपर्यंत, म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारतीच्या उंचीइतकेच ते पोहोचले. वैमानिकाने रेडिओवर ‘मेडे’ हा संकटाचा शब्द सात वेळा उच्चारला. काय झाले आहे, हे सांगायला त्याला सवड मिळाली नाही. जमीन सोडल्यापासून सुमारे १० सेकंदांत विमान विमानतळालगतच्या खरेदी संकुलाच्या छतावर आदळले आणि पेटले. विमानातील पाचही जण ठार झाले. दुकाने उघडायची होती म्हणून जमिनीवर जीवितहानी झाली नाही.

इंजिनाने दगा दिल्याची चर्चा त्याच दिवशी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एटीएसबीने, अवशेष तपासले तेव्हा दोन्ही इंजिने आदळेपर्यंत फिरत होती आणि त्यांत आधीचा कोणताही बिघाड नव्हता, असे दिसले. शेपटीच्या सांगाड्यात मात्र एक छोटा भाग भलत्याच जागी सापडला. रडरचा ट्रिम अगदी डाव्या टोकाला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या अंतिम अहवालाचा सारा भर या एका गोष्टीवर आहे.

हा ‘रडर ट्रिम’ म्हणजे काय?

विमानाच्या शेपटीवरील उभ्या पंखाला मागे एक हलणारी फळी असते, तिला रडर म्हणतात. होडीच्या सुकाणूसारखी ती नाक डावी-उजवीकडे वळवते. वैमानिक ती पायातील पेडलने हलवतो. लांबच्या प्रवासात एका पेडलवर सतत जोर देऊन पाय अवघडू नये, म्हणून रडरला ठरावीक कोनात आपोआप रोखून धरणारी सोय असते. ती सोय म्हणजे ट्रिम. ज्यांनी चाकांची अलाइनमेंट बिघडलेली गाडी चालवली आहे, त्यांना ओढ कशाला म्हणतात ते चांगले ठाऊक असते. ट्रिम ही अशी ओढ हवी तेव्हा, हवी तितकी मुद्दाम निर्माण करते. किंग एअरमध्ये दोन आसनांच्या मधल्या चौथऱ्यावर ट्रिमची छोटी गोल मूठ असते आणि तिच्याजवळ ती कुठे आहे हे दाखवणारी खूण.

उड्डाणाच्या वेळी ही मूठ मध्याजवळ हवी. ती टोकाला असेल तर जमिनीवर सावकाश जाताना काहीच जाणवत नाही, कारण रडरवर हवेचा दाबच नसतो. वेग वाढू लागला की ओढ वाढते, आणि वेग जितका जास्त तितकी ती अनावर होते. एटीएसबीने हीच स्थिती सिम्युलेटरमध्ये अनुभवी वैमानिकाला देऊन पाहिली. विमान काही काळ आवरता येते, पण त्यासाठी उलट बाजूचे पेडल सर्व ताकदीने दाबून धरावे लागते, आणि पाय थकला की संपले, असा त्याचा निष्कर्ष होता. अशी ओढ जाणवली तर धावपट्टीवर असतानाच उड्डाण सोडून द्यायला हवे, असेही त्याने सांगितले. पण हे सांगणाऱ्याला ओढ कशाची आहे हे आधीच माहीत होते. एसेंडनच्या वैमानिकाला ते माहीत नव्हते. नाक डावीकडे खेचले जाणे हे डावे इंजिन मंदावल्याचेही पहिले लक्षण असते. दहा सेकंदांत कोणता माणूस ट्रिमच्या मुठीकडे पाहील?

तपासणी यादीत ही गोष्ट नव्हती का?

होती, आणि एकदा नव्हे. उड्डाणापूर्वीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर ट्रिमची स्थिती पाहण्याच्या पाच संधी वैमानिकाला होत्या. पाचही हुकल्या. अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यातून काही कळत नाही. रोज तेच विमान, तीच यादी, आणि हजार वेळा पाहिलेली मूठ हजार वेळा मध्यावरच. अशा वेळी डोळे त्या जागेवरून फिरतात, पण पाहत नाहीत. घराला कुलूप लावून जिना उतरल्यावर ‘लावले का?’ म्हणून परत वर जाणारे आपण सगळे हेच अनुभवतो. हाताने काम केलेले असते, मनाने नोंद घेतलेली नसते. वैमानिकाच्या बाबतीत उलटे होते. मनाने नोंद घेतलेली असते, काम मात्र झालेले नसते. त्यात वैमानिक एकटा असेल तर यादी मोठ्याने वाचणारा आणि उत्तर मागणारा दुसरा कोणी नसतो. यादी पाठ झाली की ती हातात घेण्याची गरजही वाटेनाशी होते.

खरे तर वैमानिकांच्या हाती ही यादी आली तीच अशा एका अपघातानंतर. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट फील्ड येथे बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे नवे बॉम्बर विमान लष्करापुढील चाचणीसाठी उडाले, सरळ वर चढत गेले आणि कोसळले. चालवणारे आपल्या कामात वाकबगार होते. पण विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीच्या फळ्या आपटू नयेत म्हणून लावलेली कडी काढायची राहून गेली होती. दोघांचा मृत्यू झाला. हे विमान एका माणसाला झेपण्यापलीकडचे आहे, असे तेव्हा बोलले गेले. त्यावर वैमानिकांनी शोधलेला उपाय म्हणजे एका कागदावर क्रमाने लिहिलेल्या साध्या गोष्टी. हेच विमान पुढे बी-१७ या नावाने दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने उडाले. आज शस्त्रक्रियागृहांतही अशा याद्या वापरल्या जातात. ८१ वर्षांनी मेलबर्नमध्ये यादी हाताशी होती, तरीही अपघात टळला नाही.

दिल्लीच्या अपघातातही असेच काही झाले का?

२२ डिसेंबर २०१५ च्या धुकट सकाळी सीमा सुरक्षा दलाचे बी-२०० किंग एअर दिल्ली विमानतळावरून रांचीकडे निघाले. तिथल्या हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीसाठी दलाचे तंत्रज्ञ त्यातून चालले होते. उड्डाणानंतर लगेचच विमान डावीकडे कलत गेले, द्वारकेजवळच्या बागडोला परिसरात विमानतळाच्या भिंतीपाशी आदळले. सर्व १० जण ठार झाले. त्या दिवशी सारी चर्चा विमान किती जुने होते, या प्रश्नाभोवती फिरली. जवानांच्या कुटुंबीयांनी तो विचारणे स्वाभाविकच होते.

चौकशीत निघाले ते असे. विमानाने पुरेशी उंची गाठण्यापूर्वीच ऑटोपायलट सुरू करण्यात आला, पण त्याला कोणत्या दिशेला जायचे हे सांगणारा ‘हेडिंग मोड’ निवडला गेलाच नव्हता. विमान डावीकडे झुकू लागले, झुकाव वाढत गेला, आणि तो सावरण्याची कृती झाली नाही. धुक्यात बाहेर क्षितिज दिसत नसताना आपण किती कललो आहोत हे शरीराला कळत नाही. कान आणि पोट सांगतात की सगळे सरळ आहे. विमान पूर्ण गिरकी घेत वेग गमावून बसले आणि खाली आले. इथे वैमानिक दोन होते. म्हणजे दुसरा माणूस असणे पुरेसे नाही, त्याने पहिल्याच्या हाताकडे आणि यंत्रांकडे पाहायलाही हवे.

दोन्ही विमाने सारखीच होती, दोन्ही डावीकडेच गेली. तेवढ्यावरून किंग एअरमध्ये काही खोट आहे असा तर्क करण्याचे कारण नाही. एका ठिकाणी न पाहिलेली मूठ होती, दुसऱ्या ठिकाणी न दाबलेले बटण. उंचावर असताना यातली कोणतीही चूक लक्षात येऊन दुरुस्त झाली असती. जमिनीपासून दीडशे फुटांवर मात्र तिला दुरुस्तीसाठी जागाच उरत नाही. अपघात उड्डाणाच्या वेळी घडला तरी तो बराचसा जमिनीवर उभे असतानाच ठरून गेलेला असतो, असे म्हणायचे ते यासाठी.

दोन इंजिने असताना एक बंद पडले तर काय बिघडते?

इथे मोठ्या आणि छोट्या विमानांतील फरक महत्त्वाचा ठरतो. प्रवासी जेट विमानाला धावपट्टीवर एका ठरावीक वेगानंतर एक इंजिन गेले तरी उड्डाण पूर्ण करता आले पाहिजे, अशी अट असते. तो वेग प्रत्येक उड्डाणापूर्वी काढला जातो, आणि दुसरा वैमानिक तो आला की मोठ्याने सांगतो. छोट्या दुहेरी इंजिनांच्या अनेक विमानांना अशी हमी द्यावी लागत नाही. नियमांची रेघ साधारण ५,७०० किलो वजनापाशी आहे. बी-२०० चे कमाल उड्डाण वजन ५,६७० किलो आहे. हा योगायोग नाही, हे सांगायला नको.

दोनपैकी एक इंजिन गेले की निम्मी शक्ती उरते, असे वाटते. पण विमानाला नुसते हवेत राहायलाच बरीचशी शक्ती लागते, आणि वर चढायला वापरली जाते ती त्याहून अधिकची शिल्लक. तीच आधी संपते. छोट्या दुहेरी इंजिनांच्या विमानात चढण्याची क्षमता निम्म्याने नव्हे, ८० टक्के किंवा त्याहूनही अधिक घटते. दुसरे संकट त्याहून गंभीर आहे. एका पंखावरचे इंजिन पूर्ण जोरात आणि दुसरे थंड, यामुळे विमान थंड बाजूकडे वळते आणि कलते. ते रोखण्याचे काम रडरचे, पण रडरला त्यासाठी वाहत्या हवेचा जोर लागतो. ठरावीक वेगाखाली रडर हरतो आणि चालू इंजिनच विमानाला उलथवते.

३० जून २०१९ रोजी अमेरिकेत डॅलसजवळच्या अ‍ॅडिसन येथे किंग एअर ३५०, म्हणजे बी-२०० चे मोठे भावंड, असेच कोसळले. उड्डाण करताना डाव्या इंजिनाचा जोर घटला. अशा वेळी उजवे पेडल दाबायचे असते. वैमानिकाने आधी डावे दाबले. चूक उमजेपर्यंत विमान उलटत होते. ते एका हँगरवर आदळले आणि १० जण मृत्युमुखी पडले. पाय चुकला तो क्षणभरच, पण वैमानिकाकडे वेळही तेवढाच होता.

एकाच इंजिनाच्या विमानात ते बंद पडले तर परत धावपट्टीकडे वळावे का?

माणसाची पहिली ऊर्मी तीच असते. मागे लांब, सपाट, ओळखीची धावपट्टी असते आणि पुढे झाडे, घरे, विजेच्या तारा. पण वैमानिकांमध्ये या वळणाला ‘अशक्य वळण’ असेच नाव पडले आहे. हिशेब साधा आहे. अर्धवर्तुळ घेतले तर विमान उलट दिशेला तोंड करते खरे, पण धावपट्टीच्या रेषेत येत नाही, तिच्या बाजूला काही शे मीटर अंतरावर येते. म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त वळावे लागते आणि पुन्हा सरळ व्हावे लागते. उंची कमी म्हणून वळण झटपट हवे, झटपट वळायचे तर पंख जास्त कलवावा लागतो. पंख ४५ अंशांनी कलला की विमानाला हवेत तरण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. इंजिन नसताना वेग आणणार कुठून? जमीन जवळ दिसते म्हणून हात आपसूक नाक वर ओढतो, उरलासुरला वेगही जातो, आणि एक पंख अचानक खाली कोसळतो. वैमानिकांच्या भाषेत हा ‘स्टॉल’. यात इंजिनाशी काही संबंध नसतो, पंखांवरून वाहणारी हवा पंखाला सोडून जाते.

म्हणून शिकवले जाते ते असे, की नाक खाली करा, वेग राखा आणि समोर, थोडे डावी-उजवीकडे, जी बरी जागा दिसेल तिथे उतरा. विमान मोडेल, माणसे बहुधा वाचतील. हॉलीवूडचा अभिनेता हॅरिसन फोर्ड ५ मार्च २०१५ रोजी असाच वाचला. सांता मोनिका विमानतळावरून महायुद्धकाळातील रायन पीटी-२२ हे प्रशिक्षण विमान घेऊन तो निघाला आणि इंजिनाने मान टाकली. परत येतो, असे त्याने नियंत्रण कक्षाला कळवलेही होते. पण आपण धावपट्टीपर्यंत पोहोचत नाही, हे त्याने वेळीच ओळखले आणि वाटेतल्या गोल्फ मैदानावर विमान टेकवले. झाडाचा शेंडा घासून विमान आपटले, ७२ वर्षांचा फोर्ड जबर जखमी झाला, पण जगला. दोष निघाला तो कार्ब्युरेटरमधील सैल झालेल्या एका बारीक भागाचा.

वजन आणि हवामानाचा संबंध किती?

खूप, आणि इथे प्रवासीही निर्णयात सामील असतात. २५ ऑगस्ट २००१ रोजी बहामातील मार्श हार्बर येथे अमेरिकी गायिका आलिया हिचा वयाच्या २२ व्या वर्षी मृत्यू झाला. गाण्याचे चित्रीकरण लवकर आटोपले होते, मंडळींना त्याच संध्याकाळी फ्लोरिडाला परतायचे होते. येताना मोठे सेसना ४०४ होते, जाताना आले ते त्याहून लहान सेसना ४०२. माणसे तीच, सामानही तेच. वजन जास्त होत आहे, असे वैमानिक प्रवाशांना सांगत होता आणि त्यावरून वाद झाला, अशी साक्ष तिथल्या एका दुसऱ्या वैमानिकाने दिली. शेवटी सगळे चढले. विमान मर्यादेपेक्षा सुमारे ३२० किलो जड होते, परवानगीपेक्षा एक प्रवासी जास्त होता, आणि भार मागे गेल्याने विमानाचा गुरुत्वमध्य सुरक्षित कक्षेबाहेर होता. धावपट्टी सोडताच ते नाकावर खाली आले. नऊही जण गेले. चौकशीत आणखीही निघाले. त्या कंपनीसाठी ते विमान चालवण्याची परवानगीच वैमानिकाला नव्हती आणि त्याच्या शरीरात कोकेन व मद्याचे अंश होते.

वडापच्या जीपमध्ये ‘जरा सरकून बसा’ म्हटले की आणखी एक जण मावतो. जास्त वजनाने जीप फक्त दमते. विमानात वजनापेक्षाही ते कुठे ठेवले आहे याने जास्त फरक पडतो. भार मागे गेला की नाक आपोआप वर जाऊ लागते आणि ते खाली आणण्याइतकी ताकद शेपटीत उरत नाही.

यात उष्णता आणि उंची मिळाली की गणित आणखी बिघडते. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, पंखा कमी हवा कापतो, इंजिनाला श्वास कमी पडतो. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर आहे. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिथल्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानासाठी हवा सुमारे पाच हजार फुटांवर असते तशी होते, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंचावरची. धावपट्टी तीच, विमान तेच, पण सकाळी सातला सहज उडालेले छोटे विमान दुपारी दोनला शेवटपर्यंत रेंगाळते. एव्हरेस्टच्या पायथ्याला जाणाऱ्या मराठी गिर्यारोहकांना ठाऊक असलेले लुक्ला हे याचे टोकाचे उदाहरण आहे. सव्वानऊ हजार फुटांहून अधिक उंचीवरची तिथली धावपट्टी फक्त ५२७ मीटर लांब आहे आणि ती जवळपास १२ टक्के उताराची आहे. विमाने उताराकडे धावतात, शेवटी दरीच असते.

अमेरिकेतील शायान विमानतळाची उंचीही सहा हजार फुटांवर. ११ एप्रिल १९९६ रोजी तिथून एक सेसना १७७ वादळी पावसात उडाले. सात वर्षांच्या मुलीला देश ओलांडणारी सर्वांत लहान वैमानिक म्हणून नोंदवायचे होते. सोबत वडील आणि प्रशिक्षक होते. विमान मर्यादेपेक्षा ९६ पौंडांनी जड होते, हवा विरळ होती आणि वादळ अंगावर येत होते. उड्डाणानंतर लगेच ते स्टॉल होऊन पडले आणि तिघेही गेले. चौकशीने प्रशिक्षकाचा निर्णय चुकीचा ठरवला, पण त्यामागे घाईच्या वेळापत्रकाचा आणि त्या वेळापत्रकाला जुंपलेल्या प्रसारमाध्यमांच्या मुलाखतींचा हात होता, असेही नोंदवले. आमच्या व्यवसायाने हा भाग जपून वाचावा असा आहे.

विमानतळांभोवतीच्या वस्तीमुळे धोका वाढतो का?

एसेंडन हा एके काळी मेलबर्नचा मुख्य विमानतळ. शहर वाढले, मोठी विमाने नव्या विमानतळावर गेली आणि जुन्याच्या कडेला दुकाने उभी राहिली. मुंबईकरांना जुहूची आठवण होईल. मात्र ती इमारत तिथे नसती तरी परिणाम फारसा वेगळा झाला नसता, असे एटीएसबीचे मत पडले. विमान नियंत्रणाबाहेरच होते. तरी वस्तीचा प्रश्न उरतोच. २८ जून २०१८ रोजी चाचणी उड्डाण आटोपून जुहूकडे परतणारे किंग एअर सी-९० घाटकोपरच्या दाटीत कोसळले. विमानातल्या चौघांबरोबर रस्त्यावरचा एक पादचारीही मरण पावला. तो अपघात उड्डाणाच्या वेळचा नव्हता, पण इंजिन गेले तर ‘समोरची बरी जागा’ मुंबईत शोधायची कुठे, हा प्रश्न दोन्हींना सारखाच लागू आहे.

मग उपाय काय?

सर्वांत परिणामकारक उपायाला पैसे लागत नाहीत. बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी धडे गिरवणाऱ्या विद्यार्थ्याला इंजिनाचा जोर वाढवण्यापूर्वी काही वाक्ये मोठ्याने बोलायची सवय लावली जाते. वेग अमुक ठिकाणी अमुक झाला नाही तर उड्डाण रद्द. धावपट्टी शिल्लक असताना काही विचित्र वाटले तर रद्द. इंजिन अमुक उंचीखाली गेले तर सरळ पुढे उतरणार, वळणार नाही. निर्णय आधीच झालेला असला की त्या सेकंदांत विचार करावा लागत नाही, फक्त आठवावे लागते. अनुभव वाढतो तशी ही वाक्ये पुटपुटली जातात आणि पुढे मनातल्या मनात उरकली जातात, ही यातली खरी अडचण आहे. धावपट्टीवर आल्यावर ट्रिम, फ्लॅप, इंधन, कड्या एवढ्या मोजक्या जीवघेण्या गोष्टी बोट लावून पुन्हा पाहण्याची पद्धत त्यासाठीच काही ठिकाणी पाळली जाते.

भाड्याच्या विमानाच्या प्रवाशालाही काही करता येते. सामानाचे वजन विचारले तर खरे सांगावे. वैमानिक ‘आज नको’ किंवा ‘एक बॅग मागे ठेवा’ म्हणाला तर हुज्जत घालू नये. सभा, लग्न, मुहूर्त, चित्रीकरण यांच्या वेळा त्याच्या कानावर सारख्या घालू नयेत.

दुसरा उपाय नोंदयंत्रांचा. ५,७०० किलोंखालील बहुतेक विमानांना मोठ्या विमानांसारख्या ‘ब्लॅक बॉक्स’ची सक्ती नसते, त्यामुळे अपघातानंतर उरतात ते अवशेष, रडारच्या खुणा आणि कुणाच्या तरी कॅमेऱ्यातले चित्रण. एसेंडनच्या विमानात कॉकपिटमधील आवाज टिपणारे यंत्र होते. पण आघात झाल्यावर नोंद थांबवणारा त्याचा स्विच आधीच कधीतरी पडलेला होता आणि तो पूर्ववत केला गेला नव्हता. त्या दहा सेकंदांचे त्यावर काहीच नोंदले गेले नाही.